दहा वॅटची फायरवॉल

घरात फायबरचं कनेक्शन आलं की कंपनीचा माणूस टीव्हीच्या मागे नाहीतर दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक पांढरी पेटी बसवून जातो. तारेतला प्रकाश विजेच्या संदेशात बदलणं, वायफाय, राउटर आणि जुजबी फायरवॉल हे सगळं त्या एकाच पेटीत असतं. बहुतेक घरांचं त्यावर भागतं. पण तिचं सॉफ्टवेअर कधी अद्ययावत होणार हे कंपनी ठरवते. घरातला कॅमेरा रात्री कुठल्या सर्व्हरशी बोलतो हे ती दाखवत नाही. टीव्ही, कॅमेरे आणि स्मार्ट प्लग यांना कामाच्या लॅपटॉपपासून वेगळं ठेवायची सोयही तिच्यात सहसा नसते. २०१६ साली मिराय या घातक प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याचं मुख्य हत्यार होतं कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी. २१ ऑक्टोबरला अशाच कॅमेऱ्यांच्या फौजेने डिन या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास मिळेनाशा झाल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात सामील होते, त्यांच्या घरात मात्र सगळं नेहमीसारखं चालू होतं.

यावर उपाय म्हणजे स्वतःची फायरवॉल. तिच्यासाठी पीएफसेन्स, ओपीएनसेन्स आणि ओपनडब्ल्यूआरटी ही सॉफ्टवेअरं मोफत मिळतात. आता ती ज्यावर चालवायची त्या यंत्राकडे वळू. हा संगणक घरातल्या बाकी संगणकांसारखा नसतो. तो वर्षाचे ८,७६० तास चालू राहतो, त्याला पडदा-कीबोर्ड जोडलेला नसतो, महिनोन् महिने त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि तो रुसला की घरातल्या सगळ्यांचं काम एकदम अडतं. म्हणून माझा क्रम दुकानातल्या पाटीच्या नेमका उलटा आहे. आधी नेटवर्कचे पोर्ट कुठल्या चिपचे आहेत ते बघायचं, मग वीज, मग उष्णता, मग वीज गेल्यावर ते आपलं आपण उठतं का, आणि प्रोसेसरचा वेग सगळ्यांत शेवटी.

पंचवीस वर्षांपूर्वी हे काम अडगळीतल्या डेस्कटॉपवर चाले. जुन्या पेंटियममध्ये दोन नेटवर्क कार्डं खोचायची, त्यावर लिनक्स किंवा बीएसडी टाकायची आणि पंख्याची घरघर सहन करायची. मग सोएक्रिस कंपनीने नेट४५०१ नावाचा हिरवा बोर्ड आणला. त्यावर १३३ मेगाहर्ट्झचा, ४८६च्या जातकुळीतला एएमडीचा प्रोसेसर होता, नेटवर्कचे तीन पोर्ट होते आणि पंखा नव्हता. २००३ साली स्वित्झर्लंडच्या मानुएल कास्पर याने अशाच बोर्डांसाठी मोनोवॉल ही फायरवॉल लिहिली. छोट्याशा फ्लॅश कार्डात ती सगळीच्या सगळी मावत असे, आणि तिची सगळी मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये असे. पीएफसेन्स मोनोवॉलमधूनच फुटून निघालं, ओपीएनसेन्स २०१५ मध्ये पीएफसेन्समधून. त्याच वर्षी कास्परने मोनोवॉल थांबवलं.

स्वित्झर्लंडमधल्याच पीसी एंजिन्सने ही वाट पुढे नेली. त्यांच्या ॲलिक्स आणि नंतरच्या एपीयू बोर्डांवर एका पिढीने घरगुती फायरवॉल उभ्या केल्या. एपीयू२ मला आजही आदर्श वाटतो. एएमडीचा चार कोअरचा १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, कमाल उष्णता सहा वॅट, इंटेलचे तीन गिगाबिट पोर्ट, मागे जुन्या धाटणीचा सिरियल पोर्ट. प्रोसेसरची उष्णता ॲल्युमिनियमच्या एका तुकड्यातून थेट पेटीच्या तळाला जाई, त्यामुळे अख्खी पेटीच गार करण्याचं काम करी. २०२३ मध्ये कंपनीने आवरतं घेतलं. नव्या चिपसाठी उत्पादकांकडून पुरेसं तांत्रिक साहाय्य मिळत नाही आणि पंख्याविना चालतील अशा चिपही मनाजोग्या राहिल्या नाहीत, अशी कारणं त्यांनी दिली. वर्षानुवर्षं एकच बोर्ड त्याच गुणवत्तेचा मिळत राहतो, ही सोय त्यांच्याबरोबर गेली. तिची भरपाई आजच्या स्वस्त पेट्यांनी केलेली नाही.

आता वेगाचा हिशेब एकदा नीट करू, म्हणजे त्याची भीती जाईल. फायरवॉलला मेगाबिट कळत नाहीत, तिला पॅकेटं कळतात. प्रत्येक पॅकेट आलं की ते कुठून आलं, कुठे चाललंय, ओळखीच्या जोडणीतलं आहे का, एवढं बघून सोडायचं किंवा टाकून द्यायचं. पॅकेट लठ्ठ असो की किडमिडीत, तपासणीला कष्ट जवळपास तेवढेच. एक गिगाबिटच्या तारेवरून १,५०० बाइटची भरलेली पॅकेटं येत असतील, तर पुढेमागे लागणाऱ्या मजकुरासकट प्रत्येकाला १,५३८ बाइटची जागा लागते आणि सेकंदाला साधारण ८१ हजार पॅकेटं येतात. तीच तार ६४ बाइटच्या सर्वांत लहान पॅकेटांनी भरली, तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार. एक गिगाहर्ट्झच्या एका कोअरला पहिल्या स्थितीत दर पॅकेटमागे बारा हजारांवर ठोके मिळतात, दुसऱ्या स्थितीत जेमतेम ६७२. म्हणून ‘गिगाबिट फायरवॉल’ एवढंच लिहिलेल्या पाटीला अर्थ नाही. कुठल्या आकाराची पॅकेटं, हे विचारायला हवं. घरातली रहदारी बहुतांशी सिनेमे, फोटो, डाउनलोड यांची, म्हणजे मोठ्या पॅकेटांची असते. आपल्याकडच्या अनेक घरांत १०० ते ३०० मेगाबिटची योजना असते. तेवढ्याला गेल्या आठ-दहा वर्षांतला कुठलाही बरा छोटा प्रोसेसर हसतखेळत पुरतो.

यात एक खाच आहे, आणि ती आपल्याकडे हमखास आडवी येते. बीएसएनएलचं फायबर आणि गावोगावच्या अनेक केबलवाल्यांची कनेक्शनं पीपीपीओई पद्धतीने चालतात. तुम्ही नाव-पासवर्ड भरता आणि तुमचं प्रत्येक पॅकेट आठ बाइटच्या एका वेष्टनात गुंडाळलं जातं. नेटवर्क चिप एरवी पॅकेटांवरचे पत्ते वाचून त्यांची वाटणी चार कोअरमध्ये करते. वेष्टनामुळे तिला आतले पत्ते दिसत नाहीत, सगळी पॅकेटं तिला एकसारखीच वाटतात, आणि ती येणारा सगळा भार एकाच कोअरच्या गळ्यात बांधते. तीन कोअर रिकामे, चौथा घामाघूम. एपीयू२वर पीएफसेन्स चालवणाऱ्यांना गिगाबिट योजनेचा पूर्ण वेग मिळत नसे, त्याचं हे एक मोठं कारण. २०२५ मध्ये पीएफसेन्सने पीपीपीओईसाठी नवा, बराच हलका ड्रायव्हर आणला, तरी मूळ अडचण चिपच्या पातळीवरची आहे. तुमचं कनेक्शन पीपीपीओईचं असेल आणि योजना मोठी असेल, तर कोअर किती हे मोजत बसू नका. एकटा कोअर किती दमाचा आहे ते बघा. लिनक्सवर चालणारं ओपनडब्ल्यूआरटी छोट्या प्रोसेसरवर बऱ्याचदा जास्त वेग काढतं, हेही ध्यानात असू द्या.

कूटलेखनाबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. एचटीटीपीएसच्या पानांचं कुलूप फायरवॉल उघडत नाही. ती बंद पाकीट तसंच पुढे ढकलते, त्यामुळे प्रोसेसरमध्ये एईएस या कूटलेखनाच्या पद्धतीसाठीच्या खास सूचना नसल्या तरी साध्या ब्राउझिंगला काडीचा फरक पडत नाही. त्या सूचना लागतात ते फायरवॉल स्वतः व्हीपीएनचं टोक असेल तेव्हा, आणि तेही आयपीसेक किंवा ओपनव्हीपीएनसारख्या एईएस वापरणाऱ्या व्हीपीएनला. वायरगार्ड वेगळी पद्धत वापरतं, त्याला या सूचनांचा उपयोग नाही. २०१७ मध्ये पीएफसेन्सच्या कर्त्यांनी जाहीर केलं की पुढची मोठी आवृत्ती एईएस सूचनांशिवाय चालणार नाही, आणि त्या सूचना नसलेला इंटेलचा जे१९०० प्रोसेसर एका दिवसात कालबाह्य मानला जाऊ लागला. पुढे तो निर्णय मागे घेतला गेला आणि २०२१ची आवृत्ती जे१९००वरही चालली. चालती यंत्रं त्या घोषणेपायी बदलली गेली, याचं वाईट वाटतं.

आता पोर्ट. इथे पैसे वाचवू नयेत असं मी ठामपणे म्हणेन. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स दोन्ही फ्रीबीएसडीवर उभी आहेत, आणि तिथे इंटेलच्या नेटवर्क चिपना जितका मुरलेला ड्रायव्हर मिळतो तितका रिअलटेकच्या चिपना मिळत नाही. रिअलटेकचा पोर्ट चालतो. मात्र भर रहदारीत मधूनच गप्प होऊन पुन्हा सुरू होणं अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. लिनक्सवर त्याच चिप बऱ्यापैकी सरळ वागतात. इंटेल म्हटलं की डोळे मिटावे, असंही नाही. अडीच गिगाबिटच्या आय२२५ चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पॅकेटांमधलं अंतर राखण्यात दोष होता आणि काही उपकरणांशी जोडल्यावर वेग कोसळत असे. म्हणून आय२२५ची पेटी स्वस्तात मिळत असेल तर आवृत्ती विचारा. बी३ असेल तर ठीक, नाहीतर सरळ आय२२६ घ्या. जुनी चार पोर्टांची आय३५० कार्डं उत्तम असतात, पण त्यांच्या नकला बाजारात फार आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, नव्या कोऱ्या आय३५०ची किंमत अविश्वसनीय वाटली तर ती अविश्वसनीयच असते. सर्व्हरमधून काढलेलं वापरलेलं कार्ड त्यापेक्षा पुष्कळ बरं. यूएसबीला खोचायचे नेटवर्क पोर्ट प्रवासात कामाचे; चोवीस तासांच्या फायरवॉलमध्ये ते नकोत.

पोर्ट किमान दोन लागतात, एक बाहेरचा आणि एक आतला. चार असले तर कॅमेऱ्यांना स्वतंत्र तार देता येते. एकाच पोर्टवर व्हीलॅन वापरून दोन्ही कामं भागवता येतात, पण मग मॅनेज्ड स्विच लागतो आणि एकाच तारेवर आवकजावक वाटून घ्यावी लागते. रास्पबेरी पायचं दुखणं हेच. पाय ३बी प्लसचा ‘गिगाबिट’ पोर्ट आत यूएसबी २ला जोडलेला असल्यामुळे तो ३०० मेगाबिटच्या आसपास अडतो. २०१९चा पाय ४ खरा गिगाबिट देतो, पण पोर्ट एकच. शिवाय पीएफसेन्स पायवर चालत नाही आणि ओपीएनसेन्सची अधिकृत आवृत्तीही नाही, ओपनडब्ल्यूआरटी चालतं. त्या वर्गात मला नॅनोपाय आर४एससारखे दोन पोर्टांचे बोर्ड जास्त पटतात. ओपनडब्ल्यूआरटीच्या मंडळींनी २०२४च्या अखेरीस स्वतःच्या नावाचा ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ बाजारात आणला, तोही या वर्गातला. १०० मेगाबिटच्या घराला एवढं भरपूर झालं.

विजेचा हिशेब सोपा आहे. एक वॅट वर्षभर चालला की ८.७६ युनिट. जुना डेस्कटॉप काही न करताही ६० वॅट खात असेल तर वर्षाला सव्वापाचशे युनिट. दहा वॅटची पेटी साडेसत्याऐंशी. फरक ४३८ युनिटचा, म्हणजे महिन्याला साडेछत्तीस. महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं. घराचा वापर आधीच वरच्या टप्प्यात असेल तर हे जास्तीचे युनिट तुमच्या सर्वांत महाग दराने मोजले जातात. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला ४,३८० रुपये, चार वर्षांत साडेसतरा हजार. अडगळीतला फुकटचा संगणक म्हणूनच फुकट पडत नाही.

मात्र पेटीवरच्या वॅटच्या आकड्यावर विसंबू नका. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरपुढे सहा वॅट लिहिलेलं असतं, पण तो आकडा प्रोसेसरच्या उष्णतेचा. रॅम, डिस्क, चार पोर्ट आणि अॅडॉप्टरमध्ये वाया जाणारी वीज त्यात नाही. भिंतीच्या सॉकेटवर मोजलं तर अशी पेटी रिकामी असताना आठ ते बारा वॅट घेते आणि जोर आला की वीस-पंचवीसपर्यंत जाते. सॉकेटमध्ये खोचायचा वॅटमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो घ्या, खोचा, आणि एक दिवस नेहमीच्या वापरात ठेवून आकडा वाचा.

एन१०० हे आज बहुतेकांना मी सुचवतो ते उत्तर. २०२३च्या आरंभी आलेला, चार कोअरचा, एईएसच्या सूचना असलेला, आणि गिगाबिटच्या पीपीपीओईलाही न डगमगणारा. चिनी कारखान्यांतल्या या पेट्यांमध्ये आय२२६चे चार पोर्ट असतात. आली की आधी तळाचे चार स्क्रू काढून झाकण उघडा. प्रोसेसर वरच्या पन्हळीदार धातूच्या कवचाला चिकटलेला असतो, आणि मधली थर्मल पेस्ट कधी वाळलेली, कधी एका कोपऱ्यालाच फासलेली निघते. ती पुसून नवी लावली की तापमान चांगलंच उतरतं. रॅम चार जीबी पुरते, आठ घेतली की विषय संपला. डिस्क ३२ जीबीचीही चालते. बोर्डावर डकवलेल्या ईएमएमसी साठवणीपेक्षा बदलता येणारा एसएसडी घ्या, कारण फायरवॉल दिवसरात्र नोंदी लिहीत असते आणि त्या लिखाणाने साठवण झिजते. घुसखोरी ओळखणारं सुरिकाटासारखं सॉफ्टवेअर चालवायचा बेत असेल तर जास्त ताकद लागते. घरासाठी ते मी सुचवत नाही, कारण जवळपास सगळी रहदारी आज कूटलिखित असते आणि त्याला आतलं दिसतच नाही. तीच ताकद एफक्यू-कोडेलच्या रांगव्यवस्थेवर खर्च करा. एकाच्या फोनवरून फोटो वर चढत असताना दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, तो अडखळायचा थांबतो. घरच्यांना फायरवॉलचा जाणवणारा फायदा हाच.

उन्हाळा मात्र युरोपातल्या सल्ल्यांमध्ये सापडणार नाही. चंद्रपूर-नागपूरला बाहेर पंचेचाळीस अंश असताना बंद घरातल्या टीव्ही युनिटच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेली पंखाविरहित पेटी हाताला चटका देईल एवढी तापते. पन्हळी वरच्या बाजूला मोकळ्या हव्यात, पेटीवर काही ठेवायचं नाही, आणि शक्य तर ती भिंतीवर उभी लावायची म्हणजे गरम हवा सहज वर निघून जाते. पंखा असलेली पेटी उन्हाळ्यात बरी वाटते, पण धूळ आणि मुंग्या दोघींनाही ती तितकीच आवडते. कोकणात दमट, खारी हवा पोर्टांच्या आतल्या तांब्याला धरते. तिथे बंद कवच हवंच, आणि न वापरलेल्या पोर्टांना रबरी बुचं लावावीत.

मग वीज जाणं. पेटीच्या बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ अशी एक मांडणी असते. ती ‘चालू हो’वर ठेवली नाही तर तुम्ही गावी असताना वीज एकदा गेली की घरचे कॅमेरे तुम्ही परतेपर्यंत आंधळे. डिस्कची मांडणी झेडएफएसमध्ये करा. लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते, आणि जुन्या यूएफएस पद्धतीत होई तशी फाइलींची मोडतोड टळते. अनेक घरगुती इन्व्हर्टरांवर यूपीएस मोड आणि साधा मोड असा खटका असतो. साध्या मोडमध्ये वीज पालटायला जो क्षण लागतो, तेवढ्यात छोटी पेटी रीस्टार्ट होते. राउटरसाठी मिळणारे बारा व्होल्टचे मिनी यूपीएस त्याहून सुटसुटीत, पण त्यांतले बरेच दोन अँपिअरचे, म्हणजे चोवीस वॅटचे असतात. एन१००ची पेटी जोरात असताना ते काठावर येतं. तीन अँपिअरचा घ्या, आणि कंपनीच्या पांढऱ्या पेटीला दुसरा. फायरवॉल जागी आणि फायबरची पेटी झोपलेली, याने काही साधत नाही.

चोवीस तास चालणाऱ्या यंत्राचं वय तासांत मोजतात. २०१७च्या सुरुवातीला इंटेलच्या ॲटम सी२००० मालिकेत एक दोष उघड झाला. घड्याळाचा संकेत देणारा चिपचा एक भाग कालांतराने निकामी होई आणि यंत्र पुन्हा सुरूच होत नसे. दीड वर्षाच्या वापरानंतर असे बिघाड वाढू शकतात, असं सिस्कोने आपल्या ग्राहकांना कळवलं होतं. रोज दोन तास चालणाऱ्या संगणकात हा दोष कदाचित कधीच वर आला नसता. निवड कितीही चांगली केली तरी असं काही आपल्या पेटीच्या नशिबी येऊ शकतं, आणि तेव्हा कास्परची ती एक फाइल कामाला येते. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्समध्ये आजही सगळी मांडणी एकाच एक्सएमएल फाइलमध्ये असते. दर मोठ्या बदलानंतर ती उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. नवी पेटी वेगळ्या चिपची असेल तर पोर्टांची नावं बदलतात. आय२१०च्या पेटीत जो पोर्ट आयजीबी० होता तो आय२२६च्या पेटीत आयजीसी० होतो. फाइल चढवल्यावर बाहेरचा कुठला आणि आतला कुठला, एवढं नव्याने सांगावं लागतं. पेटीच्या पाठीवर कुठल्या भोकाचं नाव काय, हे पहिल्याच दिवशी चिकटपट्टीवर लिहून लावलं असेल तर ते काम पाच मिनिटांत होतं.